काइटबोर्डिंगचा हार्नेस: मऊ असला म्हणजे आरामदायी असतो का?

ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर हल्ली सह्याद्रीच्या फोटोंबरोबर रामेश्वरमचे व्हिडिओही येऊ लागलेत. उथळ, सपाट पाणी, वर भलामोठा पतंग आणि त्याच्या ओढीवर, पायाखालच्या फळीवर म्हणजे बोर्डवर मागे रेलून पाण्यावरून सपकन निघून जाणारा माणूस. हेच काइटबोर्डिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या, त्याही मार्सेयच्या समुद्रात. तेव्हा हा प्रकार टीव्हीवरही दिसला. बघणाऱ्याला वाटतं, याला दंडात जोर हवा. कोर्स करून परतलेला मात्र दंडाबद्दल काही बोलत नाही. तो टी-शर्ट वर करून बरगड्यांवरचे लाल वळ दाखवतो.

ते वळ हार्नेसचे. हार्नेस म्हणजे पतंगाला अंगाशी जोडणारा कमरेचा रुंद पट्टा. एकदा वळ उठले की बहुतेक जण ठरवतात, पुढच्या वेळी जरा मऊ घ्यायचा. मग कुणाचा तरी हार्नेस हातात घेऊन अंगठ्यानं फोम दाबून बघणं सुरू होतं. अंगठ्याची ही परीक्षा माझ्या मते जवळजवळ निरुपयोगी आहे. पतंगाची ओढ अंगाच्या कोणत्या भागावर उतरते आणि तासाभरानंतरही ती तिथेच राहते का, यावर हार्नेसचा आराम ठरतो. फोमचा नंबर त्यानंतर लागतो.

## ओढ हातात येतच नाही

पतंगाच्या दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर लांब असतात आणि त्यांच्या टोकाला एक आडवा दांडा असतो, त्याला बार म्हणतात. बाहेरच्या दोन दोऱ्या बारच्या टोकांना बांधलेल्या असतात. त्यांनी पतंग डावी-उजवीकडे वळतो. मधल्या दोऱ्या बारमधून आरपार येऊन एका जाड कडीला मिळतात. या कडीला चिकन लूप म्हणतात आणि ती हार्नेसच्या पुढच्या हुकात अडकवतात. ओढीचा मोठा वाटा मधल्या दोऱ्यांवरून थेट कमरेवर येतो. हातांनी फक्त दिशा द्यायची आणि बार जवळ-दूर करून जोर कमी-जास्त करायचा.

शाळेतली रस्सीखेच आठवा. सगळ्यात मागचा वजनदार गडी दोर पाठीमागून फिरवून घेतो, टाचा रोवतो आणि सरळ मागे रेलतो. त्याच्या हातांना फारसं काम नसतं, अंगाचं वजनच दोराला तोलून धरतं. काइटबोर्डिंगमध्ये टाचांचं काम बोर्डची पाण्यात रुतलेली कड करते. त्या गड्याला खेळ संपल्यावर विचारा, कुठे दुखतं. दोर अरुंद म्हणून पाठीला काचतो आणि दोन्ही बाजूंनी आवळतो म्हणून कुशीत दुखतं. हार्नेस बनवणाऱ्यांची निम्मी अक्कल याच दोन दुखण्यांवर खर्च झालेली आहे.

तिसरं दुखणं मात्र रस्सीखेचीत नसतं. तिथला दोर समोरून येतो, पतंगाची ओढ समोरून आणि वरून येते. पतंग कुठे आहे ते सांगायला घड्याळाचे आकडे वापरतात: बरोबर डोक्यावर म्हणजे बारा, बाजूंना पाण्यालगत म्हणजे नऊ आणि तीन. सराव झालेला माणूस पतंग दहा किंवा दोनच्या आसपास ठेवून पुढे जातो, त्यामुळे त्याला ओढ बरीचशी आडवी मिळते. नवशिका घाबरून पतंग बारावरच धरून ठेवतो, आणि बारावरचा पतंग हार्नेसला सरळ वर, काखेकडे खेचतो. त्यामुळे एकच हार्नेस शिकवणाऱ्याच्या कमरेवर गुपचूप बसतो आणि शिकणाऱ्याच्या बरगड्या सोलतो. यात हार्नेसचा दोष असतोच असं नाही.

## पुढची पट्टी काय करते?

हार्नेसच्या पुढे, पोटावर, धातूची एक आडवी पट्टी असते आणि तिला हुक असतो. ही स्प्रेडर बार; यापुढे नुसतं ‘बार’ म्हटलं की हातातला दांडा नव्हे, हीच. दुकानात हिच्याकडे कुणी बघत नाही, पण कुशीतलं दुखणं हिच्याच हातात असतं. पट्टा एकाच बिंदूपासून ओढला तर त्याची दोन्ही टोकं जवळ येतात आणि कंबर चिमट्यात सापडते. स्प्रेडर बार ती टोकं लांब ठेवते. त्यामुळे ओढ पाठीवर सरळ उतरते आणि कुशी मोकळ्या राहतात.

ही पट्टी वेगवेगळ्या लांबीची मिळते. हार्नेस घालून पूर्ण आवळल्यावर त्याच्या दोन्ही टोकांमध्ये पुढे मोकळी जागा उरली पाहिजे. टोकं एकमेकांना भिडली तर हार्नेस मोठा आहे. पाण्यात पट्टे थोडे सैल झाले की आणखी आवळायला जागाच राहणार नाही. बार फारच आखूड असला तर कुशीतला चिमटा परत आला म्हणून समजा. बारच्या मागे जाड गादी हवी, नाहीतर हुक वर फिरून छातीखाली टोचतो.

हुकाऐवजी दोरीवर सरकणारी कडी असलेले बारही येतात. लाटांवर खेळणाऱ्यांना ते आवडतात, कारण ओढ ज्या बाजूला जाते तिकडे कडी सरकते आणि कंबर पिळत नाही. शिकताना साधा हुकच घ्या. शिकवणारे त्यावरच शिकवतात, आणि ती दोरी झिजते का याची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही.

## कमरेचा की बैठकीचा?

हार्नेसचे प्रकार ढोबळमानानं दोन. कमरेचा हार्नेस बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या जागेत बसतो. बैठकीच्या हार्नेसला मांड्यांतून जाणारे पट्टे असतात आणि त्याचा हुक बराच खाली येतो.

व्हिडिओत जवळपास सगळे कमरेचाच घालतात. तो दिसतो छान, त्यात कंबर मोकळी वळते, आणि उड्या मारणाऱ्यांना तर तोच लागतो. बैठकीचा घातला की माणूस लंगोट बांधल्यासारखा दिसतो, हे कबूल. पण मघाचं बारा वाजताचं खेचणं आठवा. मांडीचे पट्टे हार्नेसला वर चढूच देत नाहीत. ओढ खाली, वजनाच्या मध्याजवळ उतरते, म्हणून पाठीच्या कण्यावर ताणही कमी पडतो. पोट सुटलेल्यांना तर माझा सरळ सल्ला आहे, बैठकीचा घ्या. कमरेच्या हार्नेसला अडायला कंबर लागते; घेर पोटाशी सर्वांत जास्त आणि वर छातीकडे कमी होत गेला, तर पट्टा वरच सरकणार. कितीही आवळा, तो ऐकत नाही. अगदी सडपातळ, सरळसोट बांध्याच्या मुलांचंही तसंच होतं.

बैठकीच्या हार्नेसची खरी अडचण मांड्यांची आहे. खारं पाणी, वाळू आणि घासणारा पट्टा मिळून दोन दिवसांत कातडं हुळहुळं करतात. गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घातली की बरंच निभावतं. सराव होऊन पतंग खाली ठेवायची भीती गेली की कमरेच्या हार्नेसवर जाता येतं. काही जण कधीच जात नाहीत, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

## मऊ की कडक?

थोडं गणित करू. समजा, पतंग ४० किलो वजनाइतका ओढतोय. ५ सेंटिमीटर रुंद पट्टा पाठीला ३० सेंटिमीटर लांबीभर टेकला, तर ही ओढ १५० चौरस सेंटिमीटरवर पडते. हीच ओढ २० सेंटिमीटर उंच पाठीवर नीट पसरली, तर ६०० चौरस सेंटिमीटर मिळतात आणि दाब चौथाईवर येतो. सगळी मेख त्या ‘नीट पसरली’मध्ये आहे. मऊ हार्नेस ओढीखाली वाकतो, दुमडतो. दिसायला उंच असला तरी ताण त्याच्या मधल्या पट्ट्यावर गोळा होतो आणि वरची-खालची कड अंगात रुतते. कडक कवचाच्या हार्नेसमध्ये कार्बन किंवा फायबरग्लासचा साचा असतो. तो वाकत नाही, त्यामुळे ओढ खरोखरच सगळीकडे वाटली जाते.

मग डोळे मिटून कडकच घ्यावा का? तसंही नाही. साच्याचा बाक आणि तुमच्या पाठीचा बाक जुळला तर त्याच्यासारखं सुख नाही. नाही जुळला तर मध्ये पोकळी राहते, सगळा भार दोन कडांवर येतो, आणि फोम निदान दबतो तरी, कवच तेवढीही दया दाखवत नाही. म्हणून कडक हार्नेस घालून बघितल्याशिवाय घेऊ नये. मऊ एक वेळ अंदाजानं घेतला तर खपून जातो. परदेशात साधा मऊ हार्नेस दीड-दोनशे युरोंच्या आसपास मिळतो आणि कडक कवचाचा त्याच्या दुपटीपर्यंत किंवा पुढे जातो. न जुळणाऱ्या महागापेक्षा जुळणारा स्वस्त हार्नेस कधीही बरा.

## शिंप्याचं माप इथे चालत नाही

जांभळी नाक्यावरच्या शिंप्यानं तुमची कंबर ३४ इंच लिहिली असेल, तर ती पँटची कंबर आहे. आपण पँट बेंबीच्या खाली घालतो. हार्नेसचं माप घेतात बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. चाळिशीच्या पुढच्या पुरुषांत या दोन मापांत चांगला फरक निघतो, आणि बेंबीचं माप क्वचितच कमी भरतं. पुन्हा एका कंपनीचा एम म्हणजे दुसरीचा एल असू शकतो, तेव्हा अक्षरावर न जाता त्या त्या कंपनीच्या तक्त्यातले सेंटिमीटर बघा. माप दोन आकारांच्या मध्ये पडलं तर लहान निवडा. ओला झाला की हार्नेस सैलच होतो.

आणखी एक माप कुठल्याच तक्त्यात नसतं. खुर्चीवर बसा आणि कुशीत हात लावून शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा. हार्नेसची बाजूची उंची त्याहून फार जास्त असेल, तर बसताना किंवा वाकताना तो वर बरगडीला किंवा खाली हाडाला लागणारच. बायकांसाठी वेगळ्या घडणीचे हार्नेस येतात, त्यात कुशीचा काप आणि नितंबांचा उतार धरलेला असतो. लेबल मात्र फार मनावर घेऊ नका. आखूड धडाच्या पुरुषाला बायकांचा आणि उंच बाईला पुरुषांचा हार्नेस छान बसू शकतो.

परदेशी सल्ले वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ते बहुधा थंड पाण्याचे असतात. तिथे माणूस काही मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट घालून त्यावर हार्नेस चढवतो. आपण रामेश्वरमला किंवा गोव्याला जाणार पातळ रॅशगार्डवर, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या घट्ट बनियनवर. वेटसूटवर मापलेला हार्नेस इथे सैल होणार आणि घासणारही. रॅशगार्डची शिवण कुशीत येत नाही ना, चड्डीच्या नाडीची गाठ बारच्या मागे अडकत नाही ना, तेवढं बघून घ्या. आणि करदोटा काढून ठेवा. कमरेचा तो बारीक दोरा एरवी जाणवतही नाही, पण ४० किलोच्या ओढीखाली सापडला की चामडी कापतो. आजीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

## “घरी ट्रेकिंगचा हार्नेस पडलाय, तो चालेल का?”

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, आणि स्वाभाविक आहे. धबधब्यावर रॅपलिंग केलेल्यांच्या माळ्यावर एखादा हार्नेस असतोच. उत्तर: नाही चालणार. तो माणसाला बसतं करून पेलण्यासाठी, पडणं अडवण्यासाठी असतो. त्याचे पट्टे अरुंद असतात आणि पुढे कापडी कडी असते, स्प्रेडर बार नसतो. सतत पुढून ओढ आली की कंबर चिमट्यात जाणार. शिवाय त्यात अडकवायला कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी लागते, आणि ताण असताना ती सहजी उघडत नाही. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांवर काम करणारे कामगार घालतात तो हार्नेस आणखी वेगळा. त्याची कडी पाठीवर असते, कारण पडणाऱ्याला उभा लटकवून ठेवायचा असतो.

काइटबोर्डिंगमध्ये संकटात सुटता येणं ही पहिली अट आहे. चिकन लूपजवळ क्विक रिलीज असतं, ते पुढे ढकललं की कडी उघडते आणि पतंगातली ओढ जाते. त्यानंतर पतंग फक्त लीशवर, म्हणजे सुरक्षेच्या दोरीवर राहतो, आणि लीशही वेगळी सोडता येते. ती हार्नेसला पुढच्या बाजूला, हात सहज पोहोचेल अशा कडीत अडकवा. हार्नेस छातीवर चढला की या सगळ्या गोष्टी हनुवटीखाली येतात आणि घाबरलेला हात चाचपडतो. हार्नेस जागेवर असणं हा नुसत्या आरामाचा प्रश्न नाही तो असा.

## “सैल ठेवला तर आराम नाही का पडणार?”

किनाऱ्यावर पडेल. पाण्यात सैल हार्नेस फिरतो, चढतो, आणि जिथे थांबतो तिथे सोलतो. आधी आतला वेल्क्रोचा पट्टा, मग बारचे पट्टे, दोन्ही बाजूंनी सारखे आवळा. खोल श्वास घेता आला पाहिजे, पण पट्ट्याच्या वरच्या कडेतून तळहात आत जाता कामा नये. दहा मिनिटं पाण्यात काढून पुन्हा आवळा. पहिल्यांदा आवळलेलं टिकतच नाही, कारण फोम भिजतो आणि पट्टे ताणले जातात. वर इम्पॅक्ट व्हेस्ट, म्हणजे आपटण्यापासून वाचवणारं जाकीट घालणार असाल, तर ते कमरेच्या वर संपणारं हवं. लांब जाकिटाच्या फोमवर आवळलेला हार्नेस घसरगुंडीवर बसवल्यासारखा होतो.

पाठीचं जुनं दुखणं, सरकलेली चकती किंवा हर्निया असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. कडक हार्नेसनं पाठीला आधार मिळतो असं विकणारे सांगतात, आणि निरोगी पाठीला तो मिळतोही. उपचार मात्र तो नव्हे.

## घरीच टांगून बघा

आपली अडचण अशी की वाशीच्या सागरविहारवरून पाणी दिसतं, पण त्यात उतरायची सोय नाही. ओहोटीला गुडघाभर चिखल, कडेला तिवरं, वर उच्चदाबाच्या तारा. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. पतंग उडवायची ही जागा नव्हे, आणि नसावीच. रामेश्वरमला उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा मिळतो. नोकरदार माणूस सुट्टी जमवून वर्षातून एकदा, फार तर दोनदा तिथे पोहोचतो. तिथे गेल्यावर हार्नेस काचतोय असं कळलं तर सुट्टी वाया. कोर्सला शाळेचाच हार्नेस वापरा आणि चांगला बसला तर त्याची कंपनी आणि आकार टिपून ठेवा. स्वतःचा घेतलात तर पाण्याआधी तो घरी तपासा.

जिममधला पुलअपचा मजबूत दांडा घ्या, त्यावरून जाड दोर टाका आणि हुकात अडकवा. (खिडकीच्या ग्रिलला नको. ती निघाली तर तुमची कंबर आणि सोसायटीची कमिटी, दोन्ही बोंबलतील.) खाली गादी टाका, जवळ कुणाला तरी उभं करा. आधी दोर लांब ठेवून दांड्यापासून मागे जा आणि पाय रोवून रेला, तसेच पाच-दहा मिनिटं राहा. ही झाली दहा-दोन वाजताची ओढ. मग दोर आखूड करून दांड्याच्या बरोबर खाली या आणि अंगाचं अर्धंअधिक वजन त्यावर टाका. ही बाराची. हार्नेस दोन बोटं वर सरकला तर ठीक, तळहातभर सरकला तर तो तुमचा नाही. कातडीवर सगळीकडे सारखा फिकट लालपणा उमटला तर चांगलं. एका कडेवर रेघ उठली असेल, तर पाण्यात तिथेच वळ उठणार.

दुकानातही हेच करू द्या म्हणावं. जो विक्रेता टांगून बघू देत नाही आणि बदलूनही देत नाही, त्याच्याकडून कडक कवचाचा हार्नेस मी तरी घेणार नाही.

## जुना घेतला तर?

हरकत नाही, उलट शिकताना तोच शहाणपणाचा. फक्त रंगाकडे न बघता स्प्रेडर बारला धरणारे पट्टे बघा. कड उसवलेली किंवा उन्हानं पांढुरकी, ताठ पडलेली असेल तर सोडून द्या, तिथेच सगळी ओढ येते. बकल दाबून, ओढून, वाळू झटकून परत दाबा. ताणाखाली आपोआप सुटत असेल तर नको. हुकाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा, धार लागली तर ती चिकन लूप कुरतडेल. पाठीचा फोम दाबून सोडल्यावर पुन्हा फुगत नसेल, तर हार्नेस मेलेला आहे, किंमत कितीही कमी सांगोत. घरी आणल्यावर गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात गॅलरीत टांगून विसरलात, तर आपल्या दमट हवेत वेल्क्रोपर्यंत बुरशी चढते, आणि तो वास पुढच्या सुट्टीत ट्रेनच्या डब्यातही तुमच्यासोबत येतो.